वेशीजवळचा बिब्बा

पूर्वी चंद्रावती नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रानात मध काढणाऱ्यांच्या घरी जन्मला होता. राजवाड्याच्या कमानींना सारखी मोहोळे लागत, म्हणून राजाने त्याला नगरात आणून ठेवले. पोटभर जेवण मिळे, पण जीव रमत नसे. बसला की उठे, उठला की चालू लागे.

एकदा असाच भटकताना वेशीच्या तटाला लागून त्याला एक झाड दिसले. रुंद पाने, काळपट खोड. बिब्बा! त्याच्या रानातल्या झोपडीमागेही असेच झाड होते. नगरातल्या परटांना कपड्यांवर खुणा करायला बाजारात मिळणारा वाळका बिब्बा ठाऊक होता. झाड मात्र कोणी ओळखले नव्हते. बोधिसत्त्व रोज तिथे जाऊन उभा राही. तेवढा वेळच त्याचे पाय स्थिर असत.

त्याच सावलीत म्हातारी कुंतला माळीण हार विकी. तिला बिब्बा बाधत नसे. पण हार घ्यायला येऊन खोडाला टेकणाऱ्यांच्या अंगावर फोड येऊ लागले. एक दिवस द्वारपाल चंडक ओरडला, "माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलंय! म्हातारे, हारांवर काय करणी केलीस?"

"मेल्या, तुझं तोंड आधी तरी कुठे कमळ होतं?"

लोक हसले. पण तक्रार राजापर्यंत गेली आणि तिला तिसऱ्या दिवशी नगराबाहेर काढायचे ठरले.

खरे सांगितले तर म्हातारी वाचणार होती, पण झाडावर कुऱ्हाड पडणार होती. बोधिसत्त्व दिवसभर वेशीपासून वाड्यापर्यंत येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी राजासमोर जाऊन म्हणाला, "महाराज, ही करणी नाही. ते झाड बिब्ब्याचं आहे."

"म्हातारीने ह्या रानट्याला फुकट हार दिले असतील!" चंडक म्हणाला.

बोधिसत्त्वाने एक हिरवे फळ चिरून त्याचा चीक आपल्याच दंडाला लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी दंड फोडांनी भरला होता.

राजाने माळिणीला सोडले. "आता ते झाड तोडून जाळा," चंडक म्हणाला.

"जाळू नका, धुराने डोळे सुजतील. मलाच तोडू द्या."

हातांना तेल चोळून बोधिसत्त्वाने झाड तोडले आणि लाकडे खोल पुरली. मोकळ्या जागेकडे पाहत माळीण म्हणाली, "बाबा, आता तू कुठे उभा राहशील रे?"

"तुझ्याजवळ, आजी."

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, रानातले घर आठवून बेचैन झालेल्या समोरच्या भिक्षूला म्हणाले, "राजा म्हणजे आजचा आनंद, चंडक म्हणजे देवदत्त. ती माळीण म्हणजे तू, आणि मध काढणारा तो मी. आपला विसावा दुसऱ्यासाठी सोडणे, हाच त्याग."