डिकीचा रुसवा

एक होता भानू कासार, एक होती त्याची मोठी गाडी, नि गाडीला होती एक मानी डिकी. भानूने टपावर भक्कम कॅरियर बसवला, त्याला हळदीकुंकू वाहिलं.

"जन्मभर ओझं मी वाहिलं, नि कुंकू याला," डिकी जळफळली. जत्रेच्या सकाळी ती उघडेचना. मग बांगड्यांच्या पेट्यांबरोबर देवीला भरायचा लाखेचा चुडाही कॅरियरवर चढला; त्याचा मान यंदा पहिल्यांदाच भानूला मिळाला होता.

"बस आता उन्हात मिरवत," डिकीने कॅरियरला टोमणा मारला.

"ताई, मी लोखंड, तव्यासारखा तापतो," कॅरियर काकुळतीने म्हणाला. "लाख मऊ पडतेय. सावलीत घे गं."

वाटेत भानूच्या बायकोने चुडा चाचपला, तिचे डोळे भरले. डिकीला राहवेना, ती खटकन उघडली. तिने चुडा आत ठेवला, सावलीत तो घट्ट झाला, देवीच्या हाती चढला, नि दरवर्षी देवीला चुडा भरायचा मान भानूच्या घरी कायमचा आला.