पासवाल्यांनी ओरडावं

संध्याकाळी सव्वापाचला कॉलेजच्या मैदानावर कबड्डीचा उपांत्य सामना सुरू झाला. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेबांनी विद्यार्थ्यांचे सगळे पास पाहुण्यांना वाटून टाकले होते. फाटकाबाहेर अडकलेल्या विद्यार्थ्यांतल्या रेवतीला सोनेरी धुळीत चढाई करणारा आपला भाऊ स्वप्नातल्यासारखा तरंगताना दिसत होता, पण संघ हरत चालला होता आणि आत सगळं चिडीचूप.

अण्णासाहेब तरातरा फाटकाशी आले. "अरे, तिथूनच ओरडा की! कॉलेजचा अभिमान आहे की नाही?"

"आहे ना, अण्णासाहेब," रेवती म्हणाली, "पण आमच्या जागी तुम्ही पाहुणे बसवलेत. आमच्या वाटचं ओरडणंही त्यांनाच सांगा."

अण्णासाहेबांनी वळून पाहिलं. पाहुणे चहात बिस्किटं बुडवत होते. अण्णासाहेबांनी फाटक उघडायला लावलं.

मग झालेल्या आरडाओरड्यात आपल्या संघाने सामना फिरवला, आता परवा अंतिम सामना आहे. पास लागणार नाही, मैत्रिणींनाही कळवा.