बिनवासाचा गोळा

खूप जुनी गोष्ट आहे, लहानांनो आणि मोठ्यांनो. समुद्राकाठी एक राज्य होतं आणि त्या राज्यात सगळं काही घमघमायचं! घरोघरी अत्तरं गाळली जायची. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, पिण्याच्या पाण्यात केवडा, उशीखाली मोगरा. ज्या वस्तूला वास नाही ती आपल्या माणसाला द्यायची नाही, असा तिथला रिवाज होता. पाहुण्यापुढे साधं पाणी ठेवलं तर पाहुणा रुसून निघून जाई. मला विचाराल तर हा वेडेपणाच, पण रिवाज तो रिवाज.

या राज्यात वर्षातून एकदा फुगड्यांचा सण यायचा. राजवाड्यासमोरच्या पटांगणात सगळ्या लेकीसुना जमायच्या. पहिली फुगडी राजाच्या मुलीनं घालायची, आणि तीही गर्दीतून जे कोणी आपणहून पुढे येईल त्याच्याबरोबर. ती फुगडी फिरली की ढोल वाजणार, आणि मग अख्खं गाव गरगर फिरणार!

राजाला एकच मुलगी होती, नऊ वर्षांची. फुगडीचं तिला वेड होतं. आणि नशीब बघा, तिचेच हात तिला साथ देत नव्हते. तळहातांवर, मनगटांवर, कोपरांच्या आतल्या बाजूला तिची कातडी कोरडी पडायची, लाल व्हायची, खाजायची, आणि खाजवली की चिरायची. याला इसब म्हणतात. ते आपल्याला लागेल या भीतीनं बरोबरीच्या मुली तिच्यापासून चार हात लांब बसत. गेल्या वर्षी ती शेल्यात हात लपवून गच्चीवर बसली होती आणि पहिली फुगडी तिच्या चुलत बहिणीनं घातली होती. यंदा मात्र तिनं राणीला निक्षून सांगितलं, "आई, काहीही झालं तरी यंदा मीच घालणार!"

सणाला एक महिना उरला होता.

दरबारात अत्तरं गाळणारा एक म्हातारा कारागीर होता. राजकन्या त्याला अत्तरआजोबा म्हणायची. पोरीवर त्याचा भारी जीव. तिच्यासाठी त्यानं एकवीस जिनसांचा लेप बनवला होता. त्यात चंदन होतं, गुलाब होता, लिंबाची साल, कापूर, दालचिनी होती, आणि बाकीच्यांची नावं काही मला पाठ नाहीत. लेप लावला की सगळा राजवाडा दरवळायचा आणि पोर किंचाळायची.

"आजोबा, झोंबतंय!"

"झोंबतंय म्हणजेच गुण येतोय, ताईसाहेब," म्हातारा प्रेमानं म्हणायचा आणि लाकडी पळीनं वर आणखी एक थर द्यायचा.

एके दिवशी लेपाची वाटी दिसताच राजकन्या जी पळत सुटली ती थेट स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात, मिठाच्या पोत्यांआड. तेवढ्यात मिठागरावरची एक म्हातारी नवं पोतं घेऊन आली. बघते तर काय, पोत्यांमागे एक पोर मुसमुसतेय!

"काय गो बाय, काय झालं? हात दाखव बघू."

"नको. तुला लागेल. सगळे तसंच म्हणतात."

म्हातारीनं पोतं खाली टाकलं. तिनं पोरीचे दोन्ही हात सरळ आपल्या हातांत घेतले आणि उलटेपालटे करून पाहिले. आईशिवाय कोणी तिचे हात असे धरल्याला वर्ष उलटून गेलं होतं. राजकन्या रडायचीच थांबली.

"हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही गो," म्हातारी म्हणाली. "तुझी कातडी नाजूक आहे, तिच्यात ओलावा टिकत नाही, इतकंच. आणि हे वर काय फासलंय? मला इथे उभ्या उभ्या शिंका यायला लागल्या!"

राजकन्येचं लक्ष मात्र म्हातारीच्या हातांकडे होतं. "आजी, तुझे हात दिवसभर मिठात असतात ना? मग ते चिरत कसे नाहीत?"

म्हातारीनं कमरेच्या चंचीतून अंड्याएवढा फिकट पिवळा गोळा काढला. "कोकमाच्या बियांचं तेल हे. बिया कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेला तवंग काढून घ्यायचा आणि निवला की मुठीत वळायचा. दुसरं काहीसुद्धा नाही यात."

राजकन्येनं गोळा नाकाशी नेला. पुन्हा नेला. "अगं, याला वासच नाही!"

"म्हणून तर दाखवतेय तुला!"

झालं! राजकन्या म्हातारीला ओढत दरबारात घेऊन गेली. अत्तरआजोबांनी गोळा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "महाराज, हे तर लोक टाचांच्या भेगांना लावतात! आणि बिनवासाची वस्तू राजकन्येला?" सगळा दरबार हसला.

म्हातारी जागची हलली नाही. "टाचांनाच लावतो आम्ही, कारण भेगा मऊ होतात. टाच हलकी आणि हात मानाचा, हे तुम्हाला ठाऊक. कातडीला नाही ठाऊक."

राजा विचारात पडला. तेव्हा राजकन्या म्हणाली, "बाबा, हिनं माझे हात धरले."

राजानं मान खाली घातली. आपण लेकीचे हात शेवटचे कधी धरले, हे त्याला आठवेना. "आजीबाई सांगतील तसं करा," तो म्हणाला.

राजकन्येनं लगेच गोळा हातांवर घासायला घेतला, तर म्हातारीनंच तिला अडवलं! "थांब गो! नवा पाहुणा आधी ओसरीवर बसतो. पहिल्या दिवशीच माजघरात शिरतो काय?" तिनं राजकन्येच्या दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी धड होती तिथे, बोटाएवढ्या जागी तेल लावलं. दिवसातून दोनदा तिथेच लावायचं आणि वाट बघायची.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. सात दिवस झाले तरी काहीच झालं नाही! काहीच न होण्याचा इतका आनंद त्या राजवाड्यात कधी कुणाला झाला नव्हता.

मग खरे उपचार सुरू झाले. कढत पाण्यात तासभर डुंबणं बंद. कोमट पाण्यानं झटपट अंघोळ, खसाखसा उटणं नाही, शिकेकाई हातांना लागू द्यायची नाही. पंच्यानं अंग रगडायचं नाही, नुसतं टिपायचं. आणि कातडी ओलसर असतानाच तेलाची वाटी गरम पाण्यात धरून पातळ केलेलं तेल हलक्या हातानं भरपूर लावायचं. हात धुतले की पुन्हा लावायचं. "चिरांतून पाणी वाहू लागलं किंवा पू धरला, तर मला नको, वैद्यबुवांना बोलवा," असंही म्हातारीनं बजावलं. आपल्याला काय येत नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

आणि काय सांगू! चार दिवसांत खाज उतरली. दहा दिवसांत चिरा मिटत आल्या. राजकन्येनं मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली आणि ओरडली, "आई, दुखत नाही!" राणीला हसावं की रडावं ते कळेना.

सणाला आता आठ दिवस होते. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं, पण अत्तरआजोबांच्या मनाला चैन कुठलं! राजाची मुलगी पहिली फुगडी घालणार आणि तिच्या हातांना वास नाही? लोक काय म्हणतील? त्यांनी ठेवणीतलं गुलाबाचं अत्तर आणलं. "एकच थेंब, ताईसाहेब. तेल तेच आहे, फक्त थोडी शोभा."

राजकन्येनं वास घेतला आणि ती भुलली. खरं सांगा, तुम्ही भुलला नसता? एका थेंबाचे तीन थेंब झाले आणि सुगंधी तेल दोन्ही हातांना लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात लालभडक! खाज अशी की पोर जमिनीवर लोळली. मिटत आलेल्या चिरा पुन्हा उघडल्या. आणि दोष कुणावर? त्या बिचाऱ्या बिनवासाच्या गोळ्यावर! "टाचांचं तेल हातांना लावलं की दुसरं काय होणार?" सगळे म्हणू लागले. म्हातारीला फाटकाशीच अडवलं गेलं. सणात फुगडी चुलत बहीण घालणार, असंही ठरलं. एकवीस जिनसांची वाटी पुन्हा तयार झाली.

"थांबा!" राजकन्या इतक्या जोरात ओरडली की वाटी धरणारी दासी दचकली. "पंधरा दिवस तेल लावलं तेव्हा काही झालं नाही. काल नवीन काय आलं?"

राणीनं अत्तराच्या कुपीकडे पाहिलं.

"पाहुण्याला ओसरीवर बसवलंच नाही आपण," ती म्हणाली. तिनं एका दंडाच्या आत नुसतं तेल लावलं, दुसऱ्या दंडावर अत्तराचं. "उद्या सकाळी सगळ्यांनी बघायला या. अत्तरआजोबा, तुम्ही सगळ्यांत पुढे उभे राहा."

सकाळी दरबार खच्चून भरला. राजकन्येनं बाह्या वर केल्या. नुसतं तेल लावलेली जागा कालच्यासारखीच होती. अत्तराच्या जागेवर लाल, खाजरा चट्टा उठला होता!

अत्तरआजोबांनी ते जवळून पाहिलं. मग त्यांचे डोळे भरून आले. "आणि मी एवढी वर्षं एकवीस जिनसा लावत होतो," ते म्हणाले. "तुम्ही ओरडत होता आणि मी त्याला गुण समजत होतो. मला माफ करा, ताईसाहेब."

"तुम्ही मायेनंच लावत होता, आजोबा," राजकन्या म्हणाली. "पण मला झोंबत होतं."

राजा स्वतः फाटकापर्यंत चालत गेला आणि म्हातारीला आत घेऊन आला. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा टिपणं, पुन्हा नुसतं तेल. दिवस मोजून सहा! हात पूर्ण बरे होतील का? म्हातारीनं खोटा धीर दिला नाही. "नाही होणार. पण चिरा मिटतील असं वाटतं." आणि सणाच्या दिवशी सकाळी शेवटची चीर मिटलेली होती. लाली होती, खरखर होती, पण रक्त नव्हतं.

पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. राजकन्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. शेला नाही, काही नाही. लाल, खरखरीत, उघडे हात.

कोणी पुढे येईना.

एका मुलीनं पाऊल उचललं, तर आईनं तिला मागे खेचलं. ढोलवाले टिपऱ्या उगारून थांबले होते. राजकन्येनं मात्र हात खाली घेतले नाहीत.

इतक्यात गर्दी बाजूला झाली आणि पुढे आले, ओळखा कोण? अत्तरआजोबा! सत्तर वर्षांचे, पागोटं घातलेले, धोतराचा सोगा खोचलेले. पण आज त्यांच्याबरोबर कसलाही दरवळ आला नाही. राखेनं आणि पाण्यानं सात वेळा हात धुऊन आले होते ते, आयुष्यात पहिल्यांदाच बिनवासाचे.

"ताईसाहेब, मला फुगडी येत नाही," ते म्हणाले. "शिकवाल?"

त्यांनी तिचे हात धरले. पाय जुळले, अंग मागे झुकलं आणि फुगडी सुरू झाली! आधी हळू, मग भरभर! पागोटं उडालं, सोगा सुटला, म्हातारा ओरडतोय "अहो, थांबा, थांबा!" आणि पोर थांबतेय कसली! ढोल कडाडले. राणी टाळ्या पिटत होती आणि रडत होती.

फुगडी थांबली तेव्हा आजोबा मटकन खाली बसले. त्यांनी दोन्ही तळवे उंच करून सगळ्यांना दाखवले. "बघा! काही लागलं का मला?"

आणि मग मुलींची जी झुंबड उडाली! "आता मी!" "नाही, आता मी!" संध्याकाळपर्यंत राजकन्येचे हात एक क्षणही रिकामे राहिले नाहीत.

तिचं इसब कायमचं गेलं नाही. थंडीत ते पुन्हा डोकवायचं, आणि ती पुन्हा नेटानं तेल लावायची. पण त्या वर्षापासून राज्यातल्या प्रत्येक अत्तरवाल्याच्या दुकानात बिनवासाच्या तेलाची एक बरणी दिसू लागली, तीही दर्शनी फळीवर. आणि गिऱ्हाईक कोणीही असो, तेल हाती देण्याआधी दुकानदार विचारायचा, "आधी दंडावर लावून पाहिलंत का?"

तात्पर्य: नाजूक कातडीसाठी लेप निवडताना आपल्या नाकाचं किंवा मानापानाचं ऐकू नये, ज्या कातडीला तो लावायचा तिचं ऐकावं.