नवरोजच्या पंगतीतले सरदार

आधी दिवे मंदावले की आधी तसबीर रिकामी झाली, हे वामनराव केळुस्करांना आता खात्रीने आठवत नाही. नलूताईंचं मंडळ केव्हाच वारलेल्या एका सरदारांच्या जुन्या दिवाणखान्यात दर महिन्याला एकेका देशाचा सण साजरा करी. जेवणात मांस नाही, दूध-तूपही नाही. त्या संध्याकाळी इराणचं नववर्ष, नवरोज होता.

पानं वाढली, आणि भिंतीवरच्या तसबिरीतले सरदार वामनरावांशेजारच्या खुर्चीत बसलेले दिसले.

"माझ्या घरात सण, आणि हा झाडपाला?" ते गरजले. "मला जिवंत काहीतरी वाढा. नाहीतर मीच निवडतो." त्यांचा गार हात वामनरावांच्या मनगटावर पडला.

"जिवंत वाढलं तर यांना सोडाल?" नलूताईंनी विचारलं.

"सरदाराचा शब्द आहे, बाई."

नवरोजसाठी ताटलीत उगवलेले हिरवे गहू नलूताईंनी त्यांच्यापुढे सरकवले. "घ्या. मुळं धरून आहेत, अजून वाढताहेत. याहून जिवंत इथं कोण आहे? आम्ही तर भीतीनं अर्धमेले झालोय."

मनगट सुटलं. ताटली रिकामी होती, खुर्चीही.

पुढे कितीतरी वर्षांनी वामनराव सरदारांच्या समाधीवर स्वतः जाऊन आले. दगडाच्या फटीत गहू डोलत होता. तिथे कुणी कधी पेरत नाही, असं राखणदाराने सांगितलं.