हत्तीसाठी दुप्पट हवा

दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायचा आणि हत्तीवर आपण बसायचं, असं भुजंगराजांच्या डोक्यात आलं.

राणी सगुणाबाईंनी टायरवरचा आकडा वाचला. "महाराज, हे टायर मिळून दोन टन पेलतात. हत्ती चार टनांचा. भर गर्दीत फुटले, तर माणसं चिरडली जातील."

"आकडा खोडून चार लिहा!" राजे गरजले. "आणि हवा दुप्पट भरा!"

राणीसाहेबांनी पाच वर्षांच्या युवराजांची विजार मागवली आणि तिच्यावर राजांचं माप लिहिलं.

"ही घालावी, दुप्पट पुरणपोळ्या खाव्यात आणि भर दरबारात एकदा खाली वाकावं. शिवण टिकली, तर हत्ती चढवू."

राजांनी विजारीकडे पाहिलं, मग पोटाकडे.

"हत्तीलाही व्यायाम हवाच की," ते म्हणाले.