परसदार आणि नवी फरशी

वस्तूंची भांडणं माणसांना ऐकू यायची, त्या दिवसांतली ही गोष्ट. सगुणाबाईंनी स्वयंपाकघरात नवी फरशी घातली. मोरी परसदाराशी, म्हणून गवंड्याने उतार दाराकडे दिला. दार लागायचं नीट, पण आत उघडताना चढावर घासायचं.

नारबा सुताराने वाकून पाहिलं. "वैनी, चढावरच्या चार फरश्या उचलून जरा खाली बसवा. दार तासलं तर लावल्यावर खाली फट राहील."

"मला उचलायचं?" फरशी फणकारली. "सांधे दिसतील माझे! त्या म्हाताऱ्या लाकडाला तासा की. बोटभर गेलं म्हणून काय मरतंय का ते?"

दार सावकाश म्हणालं, "बाई, तीस वर्षं परसातलं काही आत येऊ दिलं नाही मी. माझं सगळं काम त्या बोटभर लाकडात आहे."

"तू गप रे. नव्या फरशीवर ओरखडा नको मला," सगुणाबाई म्हणाल्या. "नारबा, चालव रंधा."

नारबाने रंधा चालवला. दार अलगद उघडू लागलं. फरशीवर ओरखडा उठला नाही.

आठवड्याभराने, पहाटे चहा ठेवायला सगुणाबाई अनवाणी आल्या आणि विंचवाने पायाला नांगी मारली. कळ मस्तकात गेली. त्या चकचकीत फरशीवरच बसल्या आणि रडत ओरडल्या, "मेल्या दारा, कसली रे तुझी राखण? उघडं राहिलंस ना?"

"नाही बाई," दार म्हणालं. "मी बंदच आहे."