धुण्याचं यंत्र आणि मालिनीचा नेम

एकदा एक शिष्या आपल्या गुरुमाईंकडे मोठा अवघड प्रश्न घेऊन गेली. प्रश्न ब्रह्माचा नव्हता की मायेचाही नव्हता. कपडे धुण्याचं यंत्र घ्यायचं, तर ते पुढून दार असलेलं घ्यावं की वरून झाकण असलेलं, एवढंच तिला विचारायचं होतं. पण विचारताना तिचे डोळे भरून आले, कारण त्या दारा-झाकणावर एका घराचं एकत्र राहणं अडून बसलं होतं.

शिष्येचं नाव मालिनी. नदीकाठच्या एका बाजारगावात तिचं सासर. दोघे भाऊ, दोघी जावा, एक लहान मूल, एकच चूल. मालिनी थोरली. उपास, पोथी, देवाधर्माचं सगळं तिच्याकडे, आणि ती ते मनापासून करी. त्या वर्षी चातुर्मासात तिनं एक नेम धरला होता : घरचं सगळं धुणं दोरीवर गेल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही. पहाटे उठावं, नळाचं साठवलेलं पाणी जपून वापरत धुणं उरकावं, उजाडता उजाडता दोरी भरावी आणि मग देवासमोरच्या तांब्यातलं पाणी ओठांना लावावं. त्या पहिल्या घोटाला तीर्थाची गोडी असते, असं ती म्हणे. खोटं नव्हतं ते. नेम निभावल्याचं सुख ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळतं.

धाकटी जाऊ हर्षदा दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून ती घरी येई तेव्हा ऊन चांगलंच वर आलेलं असे. तिची कपड्यांची पिशवी मोरीत टेकायची, तोवर इकडे दोरी भरून, पाणी पिऊन, पूजाही आटोपलेली. म्हणजे सगळं धुणं झालंच नाही, नेम मोडला! असं चार-सहा वेळा झालं आणि एका सकाळी मालिनीच्या तोंडून निघून गेलं,

"हे बघ हर्षदा, तुझे कपडे मी आता घरच्या धुण्यात धरत नाही. तुझं तू वेगळं बघ बाई."

हर्षदा पिशवी उचलून आपल्या खोलीत गेली. रात्री जेवताना दिरानं खाली मान घालूनच सांगितलं, दवाखान्याच्या आवारातलं एक क्वार्टर रिकामं झालंय, म्हणून.

थोरले भाऊ शांत स्वभावाचे. ते म्हणाले, "यंत्र आणू या. धुण्यावरून घर फुटलं असं लोकांनी म्हणायला नको. कोणतं आणायचं ते तुम्ही दोघी ठरवा."

आणि तिथंच पुन्हा अडलं.

"ताई, वरच्या झाकणाचं घ्या," हर्षदा म्हणाली. "मी आले की झाकण उचलायचं, माझे टाकायचे. वाकायलाही नको."

"पुढच्या दाराचं पाणी निम्म्यानं कमी खातं म्हणे. आपल्याकडे नळ दिवसाआड."

"मग घ्या ना तेच! मला काय, क्वार्टरला रोज पाणी येतं."

हा टोमणा मालिनीच्या काळजात रुतला. दुपारी ती दत्तमंदिराच्या मंडपात गेली.

तिथं माई पुराण सांगत. ऐंशी उलटलेल्या, पण पाठ ताठ. स्वतःची दोन लुगडी अजून स्वतः विहिरीवर धुवायच्या, आणि त्यांच्या त्या साध्या लुगड्याला अशी काही शुभ्रता असे की रेशीम नेसून आलेल्या बायकाही आपला पदर सारखा करीत. पण माईंचा खरा मोठेपणा त्यांच्या ऐकण्यात होता. त्या ऐकू लागल्या की बोलणाऱ्याला आपलंच बोलणं पहिल्यांदा ऐकू यायचं.

मालिनीनं सगळं सांगितलं. माईंनी पोथी बांधली.

"मला यंत्रातलं काय कळतंय गं? पण बघायची हौस आहे. चल, दुकानात जाऊन येऊ."

दुकानदारानं माईंना पाहिलं नि तो गल्ल्यावरून उठलाच. "या माई, या! आज आमच्या दुकानाचं भाग्य. शंभर वॉटचा बल्ब जरी घेतलात तरी मी फोटो काढून लावणार हं."

"बल्ब नको रे बाबा. धुणं दाखव."

त्यानं मोठ्या उत्साहानं दाखवलं. वरच्या झाकणाची यंत्रं एका ओळीत उभी होती. यांना वाकावं लागत नाही, किंमत बेताची, धुणं सुरू झाल्यावरही झाकण उचलून एखादा कपडा टाकता येतो. समोर पुढच्या दाराची, गोल काचेची. ही पाणी थोडं घेतात, कपड्याला जपतात, मळ चांगला काढतात, आत पाणीही तापवतात. मात्र वेळ जास्त लागतो नि खाली वाकावं लागतं. माई एका गोल काचेपुढे चक्क उकिडव्या बसल्या आणि लहान मुलीच्या कुतूहलानं आत पाहू लागल्या.

"काय बुद्धी दिलीय देवानं माणसाला! माझ्या आईचे हात सोड्यानं फाटायचे रे. तिला हे दाखवायला हवं होतं."

मालिनीचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. तिनं विचारलं, "भाऊ, ह्याचं दार एकदा लागलं, की मधेच कुणाला उघडता येत नाही ना? म्हणजे कुणी उशिरा आलं, तरी?"

"छे हो वहिनी! पाणी भरलं की दार पक्कं. धुणं संपल्याशिवाय सुटायचं नाही."

मालिनीच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. माईंनी मान वळवून ते समाधान पाहिलं. मग त्या दुकानदाराला म्हणाल्या,

"चालवून दाखवतोस?"

नमुन्याचं यंत्र नळाला जोडलेलं होतं. दुकानदारानं दुकानातली पुसायची फडकी, दोन टॉवेल, एक मळका पडदा आत घातला, दार लावलं, बटण दाबलं. खट् असा आवाज झाला. पाणी आलं, फडकी फिरू लागली. आणि तेवढ्यात माईंनी आपल्या खांद्यावरचा पंचा काढला.

"अगंबाई, हा राहिलाच की! टाक रे एवढा."

दुकानदार हसला. "आता कसा टाकू माई? दार लागलं. आणा इकडे, त्या वरच्या झाकणाच्यात घालतो, लगेच."

"नको. मला ह्याच्यातच हवाय. थांबते मी."

"अहो, अर्धा-पाऊण तास लागेल!"

"लागू दे की." माईंनी तो पंचा मालिनीच्या हातात दिला. "धर गं जरा." आणि एका रिकाम्या खोक्यावर बसून डोळे मिटून घेतले. बोटांतली जपमाळ तेवढी सरकत होती.

मालिनीला काही उमगेना. एवढ्या ज्ञानी माई, आणि हा कसला हट्ट? दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाइकं येत-जात होती आणि ही आपली हातात पंचा धरून यंत्रापुढे उभी. शेजारच्या आळीतल्या एक बाई पंखा घ्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलंच,

"काय मालिनीवहिनी, धुणं घेऊन थेट दुकानातच? घरचं पाणी संपलं वाटतं!"

मालिनी कशीबशी हसली. पंचा पदराखाली लपवावा असं तिला वाटलं. पण माईंची वस्तू, लपवायची तरी कशी? ती काचेकडे पाहू लागली. आत फडकी एकमेकांत गुंतत होती, वर चढत होती, खाली येत होती. टॉवेलाला पडदा बिलगत होता. सगळी एका पाण्यात, एका फेसात. आणि एक पंचा बाहेर, तिच्या हातात. थोड्या वेळानं तिला आपल्याच मनाचं नवल वाटलं : आतल्या त्या फडक्यांचा तिला चक्क राग येत होता. माणसांनी भरलेल्या मांडवात आपल्यालाच कुणी बस म्हणू नये, तसं तिला वाटत होतं.

मग तिच्या डोळ्यांपुढे हर्षदा आली. रात्रभर रुग्णांची उशापायथ्याशी सेवा करून आलेली, डोळे लाल झालेली. खांद्याला पिशवी. मोरीच्या दारात उभी, आणि भरलेल्या दोरीकडे बघणारी.

माईंनी डोळे उघडले. "काय दिसतंय गं आत?"

मालिनीनं पंचा छातीशी धरला होता.

माई हळू आवाजात म्हणाल्या, "ह्या यंत्रात काही दोष नाही हो. पाणी भरल्यावर त्यानं दार सोडलं तर दुकानभर पाणी होईल. मिटलेलं राहणं हा त्याचा धर्म आहे. व्रताचंही तसंच असतं, एकदा धरलं की मधे सोडायचं नाही. तू सोडत नाहीस, याचं मला कौतुक आहे. पण पोरी, दार केव्हा लावायचं हे यंत्र ठरवत नाही. बटणावरचं बोट आपलं असतं. तू नेम कसला धरलास? घरचं सगळं धुणं. मग घरातलं एक माणूस बाहेर ठेवून पाण्याचा घोट घेतलास, तेव्हा नेम कुणी मोडला? उशिरा आली तिनं, की थांबली नाही तिनं?"

"माई..."

"नेमानं आपण बांधलं जायचं. त्याच दोरीनं दुसऱ्याला दाराबाहेर बांधून ठेवलं, तर देव तरी ते पाणी गोड कसं मानेल?"

डोळे पुसत मालिनीनं विचारलं, "मग कोणतं घेऊ? झाकणाचंच घेते."

"मला नको विचारूस. जिचे कपडे बाहेर राहिले, तिला विचार."

धुणं संपलं, दार सुटलं. दुकानदार लगबगीनं पुढे आला. "आणा माई, आता टाकतो तुमचा पंचा."

माईंनी पंचा घेतला, झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला. "कशाला? धुतलेलाच आहे. सकाळीच धुतलाय मी."

दुकानदार बघतच राहिला. मालिनीनं मात्र तिथंच, दुकानाच्या फरशीवर वाकून माईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

ती घरी आली तेव्हा हर्षदाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. पलंगावर बॅग, बॅगेत निम्मे कपडे. मालिनी उंबऱ्यातच थांबली.

"हर्षदा, उद्या माझ्याबरोबर दुकानात चल. यंत्र तू निवडायचंस."

"मी कशाला, ताई? आमचं तर जायचं ठरतंय."

"तुझे कपडे घरचे नाहीत, असं मी म्हणाले. नेमाच्या नादात म्हणाले, पण म्हणाले खरं. माझं चुकलं गं. ज्या धुण्यात तू नाहीस ते घरचं धुणं कसलं? तू येईपर्यंत मी थांबणार. झाकणाचं हवंय ना तुला? तेच आणू."

हर्षदाच्या हातातली साडी हातातच राहिली. मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि एकदम हसू-रडू झालं तिचं.

"ताई, खरं सांगू? मला पण पुढच्या दाराचंच हवं होतं."

"काय म्हणतेस!"

"त्यात पाणी तापतं. दवाखान्याचे कपडे गरम पाण्यातून काढले नाहीत तर माझ्या जिवाला घोर लागतो. घरात लहान मूल आहे."

"अगं मग झाकणासाठी एवढी भांडलीस कशाला?"

"दार तुमच्या हातात गेलं असतं ना!" हर्षदा म्हणाली, आणि दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. हसू आधी कुणाला फुटलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बॅगेतले कपडे त्या रात्री मालिनीनंच कपाटात परत लावले.

पुढच्या दाराचं यंत्र घरी आलं. गुडघ्यांना त्रास नको म्हणून थोरल्या भावानं त्याच्याखाली विटांचा पक्का ओटा बांधून दिला. त्यावर बसलेलं ते गोल काचेचं यंत्र देव्हाऱ्यासारखं दिसे. पहिल्या दिवशी मालिनीनं त्याला हळदकुंकू वाहिलं नि नारळ वाढवला. पण बटण दाबलं नाही. हर्षदा आली ती धापा टाकतच.

"अजून पाणी नाही प्यालात ताई? माझ्यासाठी कशाला ताटकळायचं?"

"तुझ्यासाठी नाही काही. नेम माझा आहे. आण ती पिशवी इकडे."

मग मालिनीनं घराकडे तोंड करून मोठ्यानं हाक दिली, "आहे का आणखी कुणाचं काही? लावते हं दार!"

आतून दीर ओरडला, "वहिनी, थांबा, थांबा! एक मोजा सापडतच नाहीये!"

"शोधा भाऊजी, सावकाश शोधा," मालिनी म्हणाली. तिचा घसा कोरडा पडला होता, ऊन अंगणात आलं होतं, आणि दारावर हात ठेवून ती अगदी निवांत उभी होती.

आपणही आपल्या घरातलं कुठलंही दार लावण्यापूर्वी अशी एक हाक द्यावी. कोण कुठल्या कोपऱ्यात आपली पिशवी घेऊन उभं आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.